काबाई आणि मागची फरशी

मुलं त्यांना काबाई म्हणतात. उदाहरणाची एकही ओळ त्या 'का?' विचारल्याशिवाय खाली उतरू देत नाहीत, म्हणून. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या. डावा कान गेला, वर्गातला गलका झेपेना, तेव्हा नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. तिथे एक फळा, दोन बाकं आणि बाईंच्या उजव्या हाताला एक खुर्ची. काही विचारायचं असेल त्याने त्याच खुर्चीत येऊन बसायचं.

माझी धाकटी गणितात नापास झाली होती. फेरपरीक्षा तोंडी होती. परीक्षक उदाहरण सांगणार, पोरीने एकेक पायरी बोलत उत्तर काढायचं. त्यात गटांगळी खाल्ली की वर्ष गेलं. म्हणून तिला काबाईंकडे घातलं.

शिकवणीत तिची सगळी उदाहरणं बरोबर यायला लागली. घरी मात्र भलतंच. मी खिडकीत पुस्तक टेकवून, भांडी घासता घासता मोठ्याने वाचायचे, "टाकीत एकोणऐंशी लिटर पाणी होतं. चोवीस लिटर काढलं. उरलेलं पाच बादल्यांत सारखं भरलं. एका बादलीत किती?"

"तेरा."

"पुस्तकात मागे अकरा दिलंय."

"मग पुस्तक चुकलंय!"

तिथे बरोबर आणि इथे चूक? पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि ते टाकीतलं नव्हतं.

एकदा मी तिला आणायला मुद्दाम लवकर गेले. खिडकीतून पाहिलं तर शेजारची मुलगी बाईंच्या डाव्या बाजूला, म्हणजे बहिऱ्या बाजूला, बसून खुशाल कुजबुजत होती. माझ्या लेकीला उत्तरं हीच पुरवते की काय? आणि माझी लेक? ती जमिनीवर एका फरशीवरून मागच्या फरशीवर पाय टाकत होती. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ही गणिताची शिकवणी की नाचाची?

वाटेत विचारलं. ती म्हणाली, "आईला सांगायचं नाही असं बाईंनी सांगितलंय."



घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "तू हेरखात्यात जा. इथे फुकट चालली आहेस."

"लेक त्याच वर्गात बसली ना, की मग हसा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्या उजव्या खुर्चीत जाऊन बसले.

"आईला सांगू नको, असं तुम्ही माझ्या मुलीला सांगितलंत?"

"सांगितलं."

"का?"

बाई हसल्या. "माझा शब्द चोरलात." मग त्यांनी लेकीला हाक मारली. "एकोणऐंशी. लिही गं फळ्यावर."

पोरीने झटकन आठावर नऊ लिहिले. एकोणनव्वद! मग स्वतःच जीभ चावली, पुसलं, आणि सातावर नऊ केले.

"ऐंशी ऐकलं की हिचा हात आठावर जातो," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आकडा छापलेला असतो, म्हणून इथे चुकत नाही. तुमच्याकडे कानाने घेते. पुढच्या पायऱ्या अगदी चोख. तुम्ही त्या पाहिल्यात कधी?"

माझा हात भांड्यांत असायचा. मी फक्त उत्तर विचारायचे. एकोणनव्वदमधून चोवीस गेले, पासष्ट. भागिले पाच, तेरा. खरंच चोख.

"मला कमी ऐकू येतं, म्हणून प्रत्येकाकडून आकडा परत म्हणवून घेते, लिहून घेते. त्यात सापडली. एकोण म्हणजे एक उणा. म्हणून ऐंशीच्या फरशीवर उभं राहायचं आणि एक पाऊल मागे."

"मग माझ्यापासून लपवायचं कशाला?"

"तुम्ही आई ना. कळल्यावर 'सात आणि नऊ' असा फोडून सांगितला असता आकडा. परीक्षक फोडून सांगणार आहे का?"

तसंच केलं असतं मी.

"आणि ती कुजबुज?" मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"ऐकू येत नाही. पण वरची पायरी नसताना खाली उत्तर आलं की दिसतं मला. तुमची एकही पायरी गाळत नाही."

उठले, पण मनातून शंका गेली नव्हती. फरशीवर जमतं ते परीक्षेत जमेल?

आज सकाळी परीक्षेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर. परीक्षकाचा आवाज आला, "बागेत एकोणसाठ रोपं लावली. तीन सुकली. उरलेली सात ओळींत सारखी आहेत. एका ओळीत किती?"

माझ्या जिभेवर 'पाच आणि नऊ' येऊन बसलं. खोकल्यासारखं करून सांगता आलं असतं. मी पदर दातात धरला.

दाराच्या फटीतून मला फक्त तिचे बूट दिसत होते. दोन्ही जुळलेले. कितीतरी वेळ हलेचनात.

मग उजवा बूट हळूच एक फरशी मागे गेला.

"एकोणसाठातून तीन गेले," ती म्हणाली, "छप्पन्न."

"का वजा केलेस?" परीक्षकाने विचारलं.

आणि माझी लेक चक्क हसली.