यमू अंगानं उतरली तेव्हा

हे मी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. एवढा संसार एका घरात झाला, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून नको नको ते बोललो दोघं — पण हे नाही. आईला सांगायचं एकदा मनात आलं होतं. मुद्दाम माहेरी गेले, तिच्या पुढ्यात बसले आणि लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलून उठले. म्हणजे तुम्हीच पहिले. ऐकून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या.

सुरुवात माझ्या लठ्ठपणापासून करावी लागेल. हसू नका — त्या काळी मीही हसण्यावारीच नेत होते. मी नगरच्या शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन नेवाशाजवळ प्रवरेकाठच्या एका गावात आले, बऱ्यापैकी शेतीवाडी असलेल्या घरात. पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळीव, वाटीवाटी तूप — आणि चाळिसाव्या दिवशी मी बाजेवरून उठले ती कणगीसारखी. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, 'मास्तराची पोर हाय, बसून खायाची सवय.' समोरच सांगायच्या. मी हसायचे आणि आत जाऊन भाकरी बडवायचे.

पण मी हट्टी आहे. तोंडानं उत्तर दिलं नाही, अंगानं द्यायचं ठरवलं. आधी सगळ्यांसारखे उपास धरले — सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या. उलट फुगले! मग माझ्या लक्षात आलं, उपासाच्या दिवशी साबुदाणा नि दाणे, आणि दुसऱ्या दिवशी वखवखून दुप्पट भाकरी. उपास सोडले. घरात केवढा गहजब झाला! भात खाल्ला की मला दुपारी गुंगी यायची, बाजरीच्या भाकरीनं यायची नाही; भात सोडला. रात्रीचं जेवण दिवे लागायच्या आत उरकायला लागले. दळण दळलं की माझी कंबर धरायची, पण चालायला मी कंटाळत नसे. जावेला म्हटलं, माझं जातं तू घे, तुझं नदीचं पाणी मी आणते. असं करत करत, दुसऱ्या कुणाचं न ऐकता, माझं अंग मला काय सांगतंय एवढंच बघत मी वर्षभरात पहिल्यासारखी झाले. गावातल्या बायका विचारायला येऊ लागल्या. कुणी म्हणे औषध आहे, कुणी म्हणे मंत्र आहे. मला ते आवडायचं. फार आवडायचं — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर यमू. माझी धाकटी नणंद, ह्यांची बहीण. लग्नाच्या वयाची, खोडकर, आणि चांगली जाड. आमच्याकडे अंगापिंडानं भरलेली मुलगी कुणाला नको नसते, पण यमूला बघून माणसं दचकायची. तीन स्थळं बघून गेली. त्यातल्या एकाचा मामा उंबऱ्याबाहेर पडताना पुरेशा मोठ्यानं म्हणाला, 'पोरगी कामाला हाय का नुसती खायाला?' यमू आत चहाच्या कपबश्या विसळत होती. ती विसळतच राहिली. त्या दिवशी आत्याबाई माझ्याकडे आल्या. 'तू तुजं क्येलंस तसं हिचं कर,' म्हणाल्या. मला त्यांनी काही मागितल्याची ती पहिलीच वेळ.

मी माझाच बेत तिच्यावर लादला आणि तो साफ फसला. चालून तिचे पाय सुजायचे. संध्याकाळचं जेवण तोडलं की ती उतरंडीतला गूळ चोरायची आणि मी रागावले की म्हणायची, 'वैनी, माजं पोट इचारतंय, घरात दुष्काळ पडलाय का?' मग मी शहाणी झाले. तिचं अंग निराळं होतं. तिला थोडं थोडं पण वेळेवर लागायचं. मेथी, शेपू, ताक तिला मानवायचं. आणि दंडात ताकद अशी, की जातं तिच्या हातात गरगरा फिरायचं. मग घरातलं दळण तिच्याकडे दिलं. ओव्या म्हणत दळायची, मध्येच माझ्या नावानं ओवी रचून मला चिडवायची. हळूहळू फरक पडू लागला. गावात बांगड्या भरायला मणियारीण यायची. तिनं यमूचा हात दाबून पाहिला आणि आधीपेक्षा एक माप लहान बांगड्या काढल्या. आत्याबाईंनी मला त्या दिवशी स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

इथपर्यंत सगळं खरं आहे. इथपर्यंत माझी काही चूक नाही, असं मला वाटतं — वाटतं.

पुढच्या वेळी मणियारीण आली तेव्हा ते मापही ढिलं झालं होतं. यमू भराभर उतरू लागली. चोळ्यांना आतून टाके घालावे लागले, गालाची हाडं दिसायला लागली. शेवगावच्या बाजूचं एक चांगलं स्थळ येऊन पसंत करून गेलं. आत्याबाई पारावर, नदीवर, जिथे तिथे सांगत सुटल्या, 'माज्या सुनंनं पोरीचं सोनं क्येलं.' सून! मास्तराची पोर नव्हे. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मी पाच वर्षं त्या एका शब्दाची वाट पाहिली होती.

आणि यमूला तहान लागायला लागली. 'वैनी, लई तहान लागती ओ. पिऊन पिऊन पोट डेऱ्यावानी हुतंय, तरी जात न्हाई.' दळताना ओवी अर्ध्यात तुटायची, जात्याच्या खुंट्यावर डोकं टेकून ती तशीच बसायची. रात्री तीनतीनदा परसात जायची. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, उन्हाळा आहे.

मग एका सकाळी न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथे बायका लघवीला बसत, त्या दगडावर मला मुंग्या दिसल्या. काळ्या, दाट, रांग लावून आलेल्या.

दुसरी कुणी असती तर पाणी ओतून कामाला लागली असती. पण मला माहीत होतं. माझ्या वडिलांना — आप्पांना — हेच झालं होतं. आमच्या नगरच्या घरी आईला न्हाणीत अशाच मुंग्या दिसल्या, त्यावरून डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरनं मधुमेह सांगितला. आप्पा तेव्हा काठीसारखे वाळले होते, घागरभर पाणी प्यायचे. दवाखान्यातून सुया सुरू झाल्या, खाण्यावर बंधनं आली, आणि आप्पा उठले. ज्या दिवसाचं हे सांगते आहे त्या दिवशीही आप्पा नगरला शाळेत फळ्यावर गणितं घालत होते. म्हणजे मला नुसता रोग माहीत नव्हता. त्यावर इलाज आहे हे माहीत होतं, तो कुठे मिळतो हे माहीत होतं. तेव्हा जर्मनची लढाई चालू होती, औषधं अडून अडून यायची, पण यायची. बैलगाडीनं नेवासा आणि तिथून मोटारीनं नगर. एका दिवसाची वाट.

मी पाणी ओतलं. राखेनं दगड घासला.

खात्री नव्हती, असं म्हणू का? दोन दिवस खरंच नव्हती. मग मी पाळत ठेवली. प्रत्येकीच्या मागून जाऊन दगड धुतला. यमूच्या मागून मुद्दाम धुतला नाही. मुंग्या आल्या. मग मात्र मी रोज सगळ्यांच्या आधी उठून न्हाणी घासू लागले. आत्याबाई म्हणाल्या, सुनेला स्वच्छतेची भारी आवड.

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत आले की लग्न मोडेल म्हणून मी गप्प बसले. पोरीच्या भल्यासाठी. रोगी मुलगी म्हणून नाव झालं असतं तर तिला कोण करून घेणार होतं? ऐकायला बरं वाटतं ना? पण ते खोटं आहे. लग्नाचा विचार मी नंतर जोडला. न्हाणीत राख हातात घेऊन उभी होते तेव्हा माझ्या मनात एकच आलं — म्हणजे हिला मी बारीक केलं नाही. रोगानं केलं. आणि दुसरं लगेच आलं, की आता सगळे म्हणतील, हिनंच उपाशी ठेवून पोरीला रोग लावला. सून पुन्हा मास्तराची पोर होईल. एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

ज्याच्या त्याच्या अंगाचं ऐकावं, त्याप्रमाणे खावं, राबावं, हे मी बायकांना शिकवत होते. आणि ते अंग माझ्यासमोर ओरडून सांगत होतं तेव्हा मी कानांवर हात ठेवले.

लग्न ठरलं तशी केळवणं सुरू झाली. नवऱ्या मुलीला भाऊबंद, शेजारीपाजारी आपापल्या घरी गोडाचं जेवायला बोलावतात, आणि केळवणाच्या पानावर नाही म्हणायचं नसतं. साखर रेशनवर होती, पण गुळाला काय तोटा? आज पुरणपोळी, उद्या शिरा, परवा लापशी. आप्पांच्या ताटात आई गुळाचा खडा पडू देत नसे. यमू प्रत्येक पानावरून उठायची ती पाण्याच्या हंड्याकडे धावायची. आणि बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या — एवढं गोडधोड खाऊन पोर वाळतेच आहे, काय किमया केली आहे हिनं! घरचं केळवण मी स्वतः रांधलं. पुरण मी वाटलं. गुळवणीची वाटी तिच्या पानात मी ठेवली. तिनं वाटीकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, 'वैनी, मला काय झालं न्हाई न्हवं?'

'लग्नाची धास्ती असते गं,' मी म्हणाले. 'खा.'

तिनं खाल्लं. माझ्यावर तिचा विश्वास होता.

वैशाखात लग्न झालं. बोहल्यावर ती सुंदर दिसत होती, असं सगळे म्हणाले. मला तिच्या शालूतून खांद्याची हाडं दिसत होती. पाठवणीच्या वेळी माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास आला. हा वास मला ओळखीचा नव्हता. पण चांगला नव्हता, एवढं कळलं. गाडी जोडलेली होती. मी तिचा पदर सारखा केला आणि बाजूला झाले.

आखाडात नव्या मुलीला माहेरी आणतात. हे गाडीला बैल जुंपून शेवगावकडे निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात तिकडचा माणूस निरोप घेऊन आला. यमू गेली होती. पोटात कळा, ओकाऱ्या, मग धाप लागली, मग शुद्ध हरपली. आणि तोंडाला काहीतरी वास येत होता, असं तो माणूस बोलून गेला. आत्याबाईंनी तेवढंच धरलं. वास! सासूनं विष घातलं माझ्या पोरीला!

भावकी पेटली. दोन्हीकडची माणसं त्यांच्या गावच्या मारुतीच्या देवळात बसली. बायकांत आत्याबाई, मी, आणि समोर यमूची सासू. सुकलेली, म्हातारी, हात जोडलेली. ती रडतही नव्हती. एकच सांगत होती, 'पानी मागत हुती ओ. रातभर पानी मागत हुती. घागरीच्या घागरी पाजल्या म्या. पान्याबिगर काय बी न्हाई दिलं.'

तिथे बसलेल्यांत तिच्या बोलण्याचा अर्थ एका माणसाला कळत होता.

मग एका वडीलधाऱ्यानं मला विचारलं. पोरीचं खाणंपिणं तूच बघत होतीस, इथं नांदायला आली तेव्हा पोर कशी होती? ती म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. कदाचित तिला वाटलं असेल, ही शिकलेली आहे, ही खरं बोलेल.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाले, 'चांगली ठणठणीत होती.'

त्या घराशी भावकीनं सोयरीक तोडली. मुलाला पुन्हा कुणी मुलगी दिली नाही. तो गाव सोडून गेला. म्हातारी एकटी राहिली, आणि बायका तिच्या हातचं पाणी पीत नसत. ती वारल्याचं आमच्याकडे कळलं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, केल्या कर्माची फळं. मी मान हलवली.

तिनं विष घातलं नव्हतं. यमू आजारी होती, आमच्या घरातूनच आजारी गेली होती, आणि हे मला माहीत होतं.