बसऱ्याला जाणाऱ्याने काय खावं

माझा भाऊ ढवळू फार शहाणा, असं जामसरमध्ये सगळे म्हणायचे. मी नाही म्हणायचे. मी त्याची थोरली बहीण, त्याचं नाक पुसून त्याला वाढवलं, मला त्याचं शहाणपण कोण सांगणार! पण जव्हारला राजाचं राज्य होतं तेव्हा संस्थानाचा नाका ओलांडला की आमच्यासाठी परमुलूख सुरू व्हायचा, आणि हा पठ्ठ्या थेट समुद्रापलीकडे बसऱ्याला जाऊन आला होता, हे मात्र खरं.

गोऱ्यांची मोठी लढाई चालली होती. तिकडे बोटीतला माल उतरवायला, सडका बांधायला माणसं हवी होती. मुकादम जव्हारच्या बाजारात आला, तेव्हा ढवळूने आणि शेजारच्या मंगळूने अंगठे दिले. गेले दोघं, आला एकटा ढवळू. मंगळू तापाने गेला, असं त्याने मंगळूच्या आईला, सुकरीकाकीला, सांगितलं. काकी तेव्हा रडली ती रडली. नंतर तिने मंगळूचं नावच काढलं नाही.

लढाई संपली तरी तिकडचं काम संपलं नव्हतं. मुकादम पुन्हा फिरायला लागला आणि आमच्या अंगणात माणसांची रीघ लागली. पार वांगणीहून चालत यायचे. ढवळू खाटेवर बसून सांगायचा, आणि काय ऐटीत सांगायचा! "बोटीत मधल्या जागी पडायचं, टोकाला नाही. पाण्याकडे बघायचं नाही, पोट ढवळतं. अंगठा देण्याआधी किती महिन्यांचं काम ते दोनदा विचारायचं. बूट मिळाले तर एक बोट मोठे घ्यायचे, आणि सकाळी झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आत विंचू असतो. दुपारी डोक्याला ओलं फडकं, रात्री घोंगडी. तिकडे दिवसा भाजतं आणि रात्री दात वाजतात. गळ्यातला नंबराचा बिल्ला आंघोळीलाही काढायचा नाही. पाणी हवं तर 'माय' म्हणायचं, तिकडे पाण्याला माय म्हणतात."

लोक हसायचे, पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे. मग कोणीतरी विचारायचंच, "आणि खायला काय रे, ढवळू?" की हा उठलाच. म्हणे बैल सुटला. अरे, बैल कसला सुटतोय, मी स्वतः बांधलेला! एकदा मी धरलं त्याला. "बाय, नको विचारू," म्हणाला, आणि तोंड असं केलं की मीच त्याला सोडलं. मला राग आला होता, पण भीतीही वाटली.

त्या वर्षी आषाढात सुकरीकाकी आमच्याकडे आली. मागे तिचा धाकटा, सोम्या, चांगला वीस-बावीस वर्षांचा बाप्या, मान खाली घालून. त्यानेही अंगठा दिला होता. चार दिवसांनी निघायचं होतं.

"ढवळू," काकी म्हणाली, "मी याला अडवून थकले. ऐकत नाही मेला. आता तू तरी नीट सांग. एक पोरगा तिकडे ठेवून आलास, हा तरी मला परत पाहिजे."

ढवळूने सांगितलं. बोट, बूट, बिल्ला, सगळं. पण ऐट कुठे गेली होती कोण जाणे, जमिनीकडे बघून सांगत होता. सांगून झालं तशी काकीने पदराची गाठ सोडून मूठभर तांदूळ काढले, सोम्याच्या हातावर ठेवले.

"आता शपथ घे. तिथला पाला, तिथली भाजी तोंडात घालणार नाही म्हण. याच्या भावाने घेतली होती आणि शेवटपर्यंत पाळली. हो ना रे, ढवळू?"

हे ऐकून कोणाला नवल वाटलं नाही. आमच्यात पहिल्या पावसाची कवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. रानात टाकळा कितीही माजू दे, भगत दिवस ठरवतो, देवाला निवद होतो, मगच चुलीवर चढतो. आधी खाल्ला तर देव कोपतो. आता बसऱ्याला कुठला भगत आणि कुठला आपला देव! म्हणजे तिथला सगळाच पाला वर्ज्य.

"हो ना रे?" काकीने परत विचारलं.

"घेऊ नको शपथ," ढवळू म्हणाला. सोम्याच्या हातावर त्याने असा फटका मारला की तांदूळ अंगणभर झाले.

"अरे, वेड लागलं का तुला!" मी ओरडले.

"मंगळू तापाने नाही गेला, काकी," ढवळू म्हणाला. "तिकडे नुसता भात आणि डाळ. महिनोन् महिने हिरवं काही नाही. सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, दात हलायला लागले. पायांवर काळे डाग. डाक्तर म्हणाला, नदीकाठी पाला आहे, उपटा आणि खा, नाहीतर मराल. आपली घोळ असते ना, अगदी तशीच भाजी. बाकीचे खायचे. मंगळू म्हणायचा, आईची शपथ आहे."

"आणि तू?" काकीने विचारलं.

"मी खाल्ली," ढवळू म्हणाला. "लपून खाल्ली. रोज. मी बरा झालो. त्याने विचारलं, तू कसा बरा झालास? मी म्हटलं, देवाने केलं. गावात कळलं तर वाळीत टाकतील, म्हणून भ्यालो, काकी. एक शब्द बोललो असतो तर त्याने खाल्ली असती."

मी त्याच्या तोंडात मारली. हो, मारली. एवढा मोठा बाप्या, पण मारली. आणि मग मीच रडायला लागले.

काकी रडली नाही. उठली आणि बांधाच्या बाजूने चालायला लागली. आम्हाला वाटलं, ही आता भगताकडे जाते, आपलं घर बुडालं. पण ती थोड्या वेळाने ओटीत टाकळा भरून आली. भगताने अजून दिवस ठरवला नव्हता. "माघी, चूल पेटव," मला म्हणाली. माझे हात उचलेनात. मग तिनेच पेटवली, मीठ घालून शिजवला आणि पहिला घास सोम्याच्या तोंडात घातला.

"तिकडे दिसेल तो पाला त्या डाक्तराला विचार आणि खा. देव कोपला तर माझ्यावर कोपू दे. शपथ मी घातली होती."

मग तिने दुसरी वाटी भरून ढवळूपुढे ठेवली. "तिकडे लपून खाल्लास. आता माझ्यासमोर खा."

तो खात होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती बघत राहिली.

"एवढंच हवं होतं का रे त्याला?"

"एवढंच, काकी."

भगताला कळलंच. फार चिडला, दंड म्हणून दोन कोंबड्या नेल्या. काकीने मुकाट्याने दिल्या. ढवळू त्यानंतरही लोकांना सांगायचा, पण सुरुवात पाल्यापासून करायचा, आणि मंगळूचं नाव घेऊन करायचा. काही लोक उठून जायचे. तो सांगायचं थांबला नाही.

दीड वर्षाने सोम्या आला. अंगावर खाकी कोट, पायांत बूट, अंगणात उभा. काकीने त्याला जवळ घेतलं नाही की काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडलं आणि आत बोट घालून एकेक दात हलवून बघितला. सगळे घट्ट होते. मग ती तिथेच खाली बसली आणि मंगळूचं नाव घेऊन रडली.