आमचे थर आणि पाड्यावरची टाकी

आमच्या टेंभी नाक्याच्या गोविंदा पथकाने यंदा बक्षिसाचे पैसे टी-शर्टवर न उडवता मुरबाडच्या पुढच्या एका पाड्याला पाण्याची टाकी द्यायचं ठरवलं. तिथे विहिरीवर मोटर होती, पण टाकीच नव्हती. म्हणून बायका भातशेती सांभाळून दिवसातून चार-चार वेळा टेकडी उतरून पाणी आणायच्या.

आम्ही टाकी घेऊन पोचलो, तर गावाने बांधलेला चौथरा चांगला दोन पुरुष उंच आणि शिडी एकच, तीही मोडकी. मी लगेच क्रेनवाल्याला फोन लावायला लागलो. सरपंच मावशी म्हणाल्या, "अरे, हंडीला चढता ना? मग इथे काय झालं?"

खरंच की. आम्ही तिथेच तीन थर लावले, रिकामी टाकी हातोहात वर चढवली आणि सवयीने सगळे खाली उतरून नाचायला लागलो. मी तर व्हिडिओपण टाकला.

मावशी तेवढ्या शांत उभ्या होत्या, टाकीचं झाकण काखेत धरून. "नाचून झालं की सांगा रे. हे लावल्याशिवाय मी मोटर चालू करणार नाही."

दुसऱ्यांदा मात्र नळाला पाणी येईपर्यंत कोणीच नाचलं नाही.