पाव किलोचा बैल

आमच्या सौसरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. ऐंशीच्या दशकातली चार-पाच वर्षं आमच्या गल्लीतल्या मोठ्या पोरांनी त्यातही टक्कर शोधून काढली होती. लाकडी बैलाचं पोट कोरायचं, त्यात टेपरेकॉर्डरची जुनी मोटार आणि दोन सेल बसवायचे, पायांना चाकं, पुढे पत्र्याची शिंगं. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेल्या चौथऱ्यावर दोन बैल समोरासमोर ठेवायचे, बटण दाबायचं आणि हात मागे घ्यायचा. जो खाली पडला तो हरला. गट दोन, पाव किलोचा आणि अर्ध्या किलोचा. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यासाठी स्वतःचा तराजू आणायचा आणि सेलसकट वजन करायचा. त्याच दिवशी तिकडे पांढुर्ण्याला गोटमार असायची, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड चालायचे. मोठी माणसं ते बघायला जायची, आणि उरलेली आमच्याकडे यायची.

मुलींनी बैल सोडू नये असा नियम नव्हता. तसा नियम करायची कोणाला गरजच वाटली नव्हती.

बाबांचं बाजाराच्या रस्त्यावर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. शिवाय मोहगावहून शिकायला आलेला माझा आतेभाऊ आमच्याकडेच राहायचा. मला तारांना कथलाचा डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, बाबांनीच शिकवलं होतं, तेही घरी, मागच्या पडवीत, कारण दुकानात मुलगी बसलेली बरी दिसत नाही. त्यांचा पहिला धडा मला अजून पाठ आहे. मी जेवून उठून तशाच हातानं टेपचा पट्टा उचलला, तर त्यांनी माझ्या बोटांवर चापट मारली. म्हणाले, "रबराले तेला-तुपाचा हात लावू नोको. मोटार फिरत राह्यते अन् पट्टा घसरते."

दहावी झाल्यावर मी एकच गोष्ट मागितली. दुकानातलं दुसरं टेबल. ते रिकामं होतं आणि मला यायचं होतं. बाबा हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. शेवटी एकदा जेवताना मला आणि आतेभावाला म्हणाले, "दोघंही पाव किलोचा बैल बनवा. जो जिंकन तो दसऱ्यापासून टेबलावर बसन."

आई वाढता वाढता थांबली. आतेभाऊ हसला. मला मात्र वाटलं, काय न्यायी माणूस आहे हा! सोळाव्या वर्षी माणूस काहीही मानतो.

मी महिनाभर खपले. बाकीची पोरं मोटारीलाच चाक लावायची, त्यामुळे बैल पळायचा पण त्यात दम नसायचा. मी मोटार वशिंडात बसवली आणि तिथून रबरी पट्टा मानेच्या फटीतून पुढच्या मोठ्या चाकापर्यंत उतरवला. माझा बैल हळू चालायचा, पण समोर येईल त्याला रेटत न्यायचा. अंगणात मी आतेभावाचा बैल सहा वेळा न्हाणीत ढकलला. सातव्यांदा त्यानं खेळायलाच नकार दिला. बाबा पडवीतून बघत होते. त्यांनी माझा बैल मागून घेतला, उलटा केला, फटीत डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, "पट्टा बरा बसवला." एवढ्या तीन शब्दांवर मी दोन दिवस तरंगत होते. आज त्याचीच जास्त चीड येते.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी नवे सेल आणायला गेले. परत आले तर देवघरासमोर पाटावर माझा बैल होता. कपाळाला कुंकू, पाठीवर सोनेरी कागदाची झूल, आणि मानेवर हळद-तूप. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांची खांद शेकतात, पळसाच्या पानानं खांद्याला तूप लावतात, तशी आईनं माझ्या बैलाची शेकली होती. हातात पळसाचं पान तसंच होतं. "आज तुह्या बैलाचा मान हाये," म्हणाली. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली होती.

मी फडक्यानं वरवर पुसलं. फटीत काही दिसलं नाही.

तराजूत बैल जरासा जड भरला. झूल काढून ठेवली तेव्हा काटा सरळ झाला. मग टक्कर लागली. आतेभावाचा बैल पळत आला आणि आदळला. माझ्या बैलाची मोटार गुरगुरत होती, चांगली जोरात, पण चाकं फिरेनात. त्याचा तो हलका, दम नसलेला बैल माझ्या बैलाला काठापर्यंत घेऊन गेला आणि खाली टाकून आला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मी तिथेच बैल उघडला. पट्टा हळदीनं पिवळा झाला होता.

"पट्ट्याले तूप लागलं, बाबा. पुन्हा एकदा टक्कर लावू द्या," मी म्हटलं. ते म्हणाले, "नियम म्हंजे नियम, पोरी." आणि आतेभावाच्या पाठीवर थाप दिली.

घरी येऊन मी आईवर तुटून पडले. अडाणी म्हटलं. तुझ्या देवधर्मानं माझं वाटोळं केलं म्हटलं. अजून बरंच म्हटलं, ते लिहवत नाही. आईनं फक्त एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा न्हाणीत पाय धूत होते, बराच वेळ धूत होते.

आतेभाऊ चार वर्षं त्या टेबलावर बसला, धड काही शिकला नाही, आणि नोकरी लागताच निघून गेला. तोवर मला पांढुर्ण्यात, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली होती. इथे मी मिक्सर, पंखे, शेजारणींच्या इस्त्र्या दुरुस्त करते. सुनेला छंद आहे, असं सगळे कौतुकानं म्हणतात. छंद!

आईनं त्या दिवसानंतर माझ्या कुठल्याच कामाच्या वस्तूला हात लावला नाही. मीही कधी लाव म्हटलं नाही. बाबा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी ती एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून माझ्याकडे आली. मी शिलाई मशीनचा पट्टा चढवत होते. म्हटलं, "आई, जरा चाक धर." तिनं पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. आणि मागे घेतले.

"नोको, बाई. मांगं एकडाव लावला होता हात."

"किती वर्षं धरून बसशील ते?" मी हसत म्हटलं.

ती खाली बघत म्हणाली, "म्या आपल्या मनानं नव्हतं लावलं तूप. तुह्या बाबानंच म्हटलं, पोरगी बैल नेऊन राहिली, खांद शेकून दे. फटीतून आत मुरू दे, म्हने."

माझ्या हातात पट्टा तसाच राहिला. "मंग तवाच सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं? टेबल तं भेटतच नव्हतं तुले. बाप तरी राहू द्यावा म्हटलं."

भांडायला बाबा उरले नव्हते. आणि जिच्याशी मी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडत आले होते, ती समोर बसून पदराला हात पुसत होती.