बंबावरचा झेंडा

भगवंत नगरपालिकेचा आगीचा बंब चालवायचा. अकोला जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात बंब एकच, ड्रायव्हरही एकच, आणि दोघांचाही आवाज गावभर ओळखीचा. माणूस तोंडाने फटकळ, पण गाडीवर जीव. बायकोला कधी हौसेने गजरा आणला नसेल, बंबाचा दसऱ्याचा झेंडूचा हार मात्र स्वतः ओवायचा.

पूजेचा नारळ फोडायचा मान अय्युबचा. अय्युब पाइप धरणारा, त्याचा जोडीदार. मनगट असं, की एका घावात नारळाची बरोबर दोन भकलं. देवालाही तुझ्याच हातचं खोबरं गोड लागतं, असं म्हणून भगवंत त्याला दरवर्षी चिडवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मिळून हार, हळदकुंकू सगळं धुऊन काढत. ही रीत त्यांना कोणी शिकवलेली नव्हती.

त्या वर्षी नगरसेवक पंजाबराव पूजेला आले आणि टपावर भगवा झेंडा तारेने आवळून गेले. काढायचा नाही, असं बजावून. सकाळी अय्युब पाइप घेऊन उभा.

"पूजा झाली भाऊ, आता काढून टाक. रस्त्यावर निघाला का, बंब ज्याचं घर जळते त्याचा."

"राहू दे ना बा," भगवंत म्हणाला. "देवाचाच तं हाय. कोनाले टोचून राहिला?"

खरं तर देवापेक्षा पंजाबरावाचा धाक मोठा होता, पण ते तोंडाने कसं कबूल करणार?

आठवडाही गेला नाही, तोच मोबाइलवरच्या कुठल्याशा घाणेरड्या चित्रावरून गाव पेटलं. भरदुपारी एका फळवाल्याचं डोकं त्याच्याच तराजूने फोडलं. बसस्टँडपाशी एका कॉलेजच्या पोराचं पोट फाडलं. मारणारे गावातलेच, मरणारेही गावातलेच. मग वर्दी आली: मोमीनपुऱ्यात बांगड्यावाल्या शकीलाबीचं घर पेटवून दिलंय, म्हातारी माडीवर अडकलीय.

भगवंतने बंब गल्लीत घातला. खिडकीचे गज धरून उभी असलेली शकीलाबी त्याला दिसली. गल्लीतल्या पोरांना मात्र आधी झेंडा दिसला. घर पेटवणारे असेच झेंडे नाचवत आले होते. पोरांना वाटलं, तेच परत आले. पहिला दगड काचेवर बसला. मी आहे, मी आहे, असं सांगत अय्युब हात वर करून उतरला, पण हेल्मेटखालचं तोंड कोण पाहतो? विटेचा तुकडा सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात बसला. तो गुडघ्यांवर आला, हेल्मेट गळून पडलं आणि बोटांमधून रक्त घळाघळा वाहू लागलं.

भगवंत टपावर चढला. पाठीत दगड बसत होते. तार अशी पिळलेली, की सुटता सुटेना. बोटं फाटेस्तोवर ओढून त्याने झेंडा उपटला आणि सीटखाली कोंबला. तोवर कोणीतरी अय्युबला ओळखलं. दगड मारणारी पोरंच मग रडत रडत पाइप ओढू लागली.

पण खिडकीत आता कोणी नव्हतं. भगवंतने शकीलाबीला चादरीत गुंडाळून खाली आणलं, तेव्हा तिच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या वितळून मांसात उतरल्या होत्या. झेंडा नसता तर म्हातारी वाचली असती. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

अय्युबला केबिनमध्ये घालून तो दवाखान्याकडे सुटला. चौकात पंजाबरावाच्या पोरांनी बंब अडवला. हातात सळया. झेंडा कोणी काढला, म्हणून विचारू लागले. एकाने नवा झेंडा पुढे केला, आधी हा बांध, मग जा. दुसऱ्याने दार उघडून अय्युबचा पाय धरला आणि त्याला खाली ओढू लागला.

"बांधून टाक भाऊ," अय्युब कण्हला. "मले मरायचं नाई."

भगवंत उतरला. त्याने झेंड्याला हात लावला नाही. पंप चालू केला आणि टाकीत उरलेलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर सोडलं. पाय धरणारा दुकानाच्या पायरीवर तोंडावर आपटला, त्याचे दात रस्त्यावर सांडले. भगवंतला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. एक सळई खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला, पण पाइप सोडला नाही. टाकी रिकामी झाली तेव्हा चौकही रिकामा होता.

त्याच्यामागे चौकशी लागली, काही महिने घरी बसावं लागलं. पण गावात दुसरा ड्रायव्हर कुठे होता? झक मारून परत बोलावलं.

पुढच्या दसऱ्याला पंजाबराव नवा झेंडा घेऊन हजर. भगवंतने नेहमीसारखा नारळ अय्युबच्या हातात दिला. उरलेल्या एका डोळ्याने अय्युबने अंदाज घेतला. पहिला घाव हुकला. दुसऱ्याला बोटं दगडावर आपटून सोलली. तिसऱ्याला नारळ कसाबसा फुटला, वेडावाकडा. भगवंतला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

या वेळी तो दुसऱ्या सकाळपर्यंत थांबला नाही. त्याने पाइप उचलला. पंजाबराव तारेचं वेटोळं घेऊन बंबाच्या पायरीवर चढले होते.

"सरका भाऊसाहेब," भगवंत म्हणाला, "भिजसान."

पंजाबराव सरकले नाहीत. भगवंतने पाणी सोडलं.