मागं न हललेलं पाणी

"चांगली बोट कोणती, सर? जी गेल्यावर मागं पाणी हललं न्हाय ती. हललं म्हंजे तेवढं तेल फुकट गेलं."

हे सांगताना तात्या तळहात उपडा धरून हवेतून सावकाश पुढे न्यायचे. मालवाहू जहाजांच्या इंजिनखान्यात आयुष्य काढून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आपल्या गावी, लासुर्ण्याला परतले. मी शेजारच्या भवानीनगरच्या शाळेत ग्रंथपाल होतो. जहाजांचे एक पुस्तक त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत आणले. "ह्यात जहाजाचं पोट दावलंय, नाक कुठं हाय?" तिथून आमची मैत्री जमली.

ते पांगाऱ्याच्या लाकडाच्या बोटी कोरत आणि मी पॉलिश पेपरने घासत असे. एक सपाट तोंडाची होती. दुसरीला पाण्याखाली राहील असे गोल, फुगीर नाक होते. कालव्याला पाणी सोडायची पाळी संपली की शेतांकडे जाणाऱ्या चारीतले पाणी निवांत होई, तेव्हा आमचे काम सुरू. शाळेतला ओढ मोजायचा ताणकाटा दोरीत अडकवून मी काठाने एका चालीत ओढायचो आणि तात्या काटा वाचायचे. पानाच्या टपरीवरचा बापू ओरडायचा, "आख्खं गाव पाणी सुटायची वाट बघतंय, अन् तात्या बंद व्हायची!"

"सुटलेलं पाणी खोटं बोलतं, बापू."

नाकवाली बोट हलकी ओढली जाई. तिचे नाक स्वतःची लाट उठवते आणि ती बोटीच्या लाटेला बुजवते, असे ते सांगत. मी एकदा आतले वजन काढले, तर नाक वर आले आणि बोट जड झाली.

"रिकामं जहाज असंच तेल खातं. भरल्या पोटाचं नाक हाय ते."

मी हे सगळे मराठीत लिहून काढणार होतो. नाकाचा उतार बदलून पुन्हा बघायचे ठरले होते. "तुमच्याबिगर बोट पाण्यात सोडायची न्हाय," तात्या म्हणाले. "डोळं दाखवायला पुण्याला जाऊन येतो. पाळी संपली की भेटू."

पाळी संपली. मी ताणकाटा घेऊन चारीवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. शेवटी बापूच टपरी सोडून आला.

"सर, तात्या म्हमईला गेलं. जहाजाच्या कंपनीत काम लागलं. ती बोट घिऊन गेलं दावायला."

"कोणती बोट?"

"नाकवाली."

"तुला कोणी सांगितलं?"

बापू चपलेकडे बघत राहिला. "समद्यांनाच म्हाईत हाय. तुमाला तेवढं सांगू नका म्हणालं. सर जाऊ द्यायचं न्हाईत, म्हणालं."

ते खरेच होते. मी जाऊ दिले नसते. पण मला विचारले तरी असते, तर नाही म्हणण्याचे समाधान मिळाले असते. मी घासलेली बोट त्यांनी कुणा साहेबाच्या टेबलावर ठेवली असेल. ती घासली कुणी, हे सांगितले असेल का? वर्षभर निरोप आला नाही. मग एसटीडी बूथवर फोन आला, तोही त्यांच्या भावाला. तात्या कामावर असतानाच वारले होते.

दहाव्याला सगळा गाव त्यांच्याविषयी बोलत होता.

सपाट तोंडाची बोट माझ्याकडे राहिली आहे. परवा पाळी संपल्यावर ती चारीत सोडली आणि एकट्याने ओढली. ताणकाटा लावला नाही. तिने उठवलेली लाट दोन्ही काठांना जाऊन लागली आणि परत आली. पाणी थांबेपर्यंत मी तिथेच उभा होतो.