घोडीचं डोकं मी धरलं होतं

मला घोड्यांची डॉक्टर व्हायचं आहे हे व्हेटर्नरी कॉलेजात पहिल्यांदा बोलले तेव्हा वर्ग हसला. आमच्याकडे जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशी आणि बैल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हसणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. मी खाली बसले.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीकडच्या आमच्या गावात एक पांढरी घोडी होती. लग्नात नाचायची. तिचे मालक मोठे शेतकरी. माझा आजा त्यांच्याच शेतावर राबला आणि बाबाही काही वर्षं तिथे होते. आमच्या वस्तीतल्या नवरदेवासाठी ती घोडी कधी आली नाही, कुणी मागितलीही नाही. शाळेतून येताना मी कुंपणाबाहेर उभी राहून तिला बघायचे. मालक तिला ढोलावर नाचायला शिकवत. पाय चुकला की वेत. तोंडात काटेरी लगाम. एकदा तिने तोंड उघडलं तेव्हा जिभेवर आडवी जखम दिसली, जुनी, भरून आलेली. मी त्या दिवशी काही ठरवलं वगैरे नाही. ते तोंड मात्र डोळ्यांसमोरून जाईना.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरी असताना एका सकाळी मालकांचा निरोप आला की घोडी लोळते आहे, पोरीला पाठवा. त्यांच्या अंगणात आम्हाला असं बोलावणं कधी आलं नव्हतं. बाबांनी शर्ट बदलला आणि सोबत आले.

घोडी घामाने निथळत होती. खुराने जमीन उकरत होती, वळून वळून पोटाकडे बघत होती. मी कुशीला स्टेथोस्कोप लावला. आतड्यांचा काहीच आवाज नव्हता.

"काका, पोटशूळ आहे," मी म्हणाले. "नाकातून नळी घालून औषध द्यावं लागेल. आदिलाबादहून डॉक्टर बोलवा. तोवर हिला चालवू."

"उद्या गुडीहत्नूरले लग्न हाय," मालक म्हणाले. "डॉक्टरची वाट कोन पाहीन? तेल पाजू."

जवसाचं तेल, त्यात ओवा आणि हिंग, बांबूच्या नळकांड्याने. आमच्याकडे बैलाला असंच पाजतात आणि बैलाचं बहुतेकदा निभावतं. घोड्याचं डोकं वर बांधून घशात तेल ओतलं तर ते श्वासनळीत उतरू शकतं, मग फुफ्फुस सडतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते.

"घोड्याले असं नाई पाजत काका." मी फार हळू बोलले.

"काऊन?"

"फुफ्फुसात जाते."

मालकांचा भाऊ हसला. "आमच्या बापानं अशी पन्नास जनावरं पाजली. हिच्या बापानं कोनतं घोडं पाळलं व्हतं?"

जमलेले सगळे हसले. बाबाही थोडे हसले.

"शिकली ना तू, डॉक्टरीणबाई?" मालक म्हणाले. "मंग डोकं धर. कसं धरते ते तुले माहीत असन."

मी धरलं. का धरलं याची बरीच कारणं मी नंतर शोधली, पण खरं एवढंच की त्या अंगणात मला पहिल्यांदा कुणी डॉक्टरीण म्हटलं होतं. दोरी कडुलिंबाच्या फांदीवरून ओढली गेली, मी जबडा वर उचलला, नळकांडं गालातून आत गेलं. तिसऱ्या वेळेस ती ठसकली. नाकातून तेल आलं ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी 'थांबा' म्हणाले नाही. अजून दोन नळकांडी ओतली गेली.

दुपारी घोडीने लीद टाकली आणि अंगण खूश झालं. मालकीणबाईंनी मला ओसरीवर बसवून कपबशीत चहा दिला. निघण्याआधी मी घोडीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. डावीकडे, खाली, ओला कागद चुरगाळावा तसा आवाज. मी स्टेथोस्कोप पिशवीत ठेवला. "दोन दिवस आराम द्या," एवढंच म्हणाले. बाबा त्या दिवशी गावातून जरा हळू चालले, लोकांना थांबवून विचारता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती गुडीहत्नूरला नाचली. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. नाचताना ती खोकत होती, बँडमुळे ऐकू येत नव्हतं, पण मान दिसत होती.

चौथ्या दिवशी ताप. नाकातून घाण वासाचं पाणी. आदिलाबादचे डॉक्टर आले, सुया दिल्या, उशीर झाला म्हणाले. पुढचे दोन दिवस ती बसलीच नाही. पुढचे पाय फाकवून श्वासासाठी उभीच. मालकांच्या वाड्यामागे, आमच्या वस्तीच्या रस्त्याला लागून, उभ्याउभ्याच कोसळली.

मी बाबांना घेऊन मालकांकडे गेले आणि सांगितलं. "काका, तेल फुफ्फुसात गेलं. मला माहीत होतं. त्याच दिवशी कानांनी ऐकलं होतं."

मालक माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांना म्हणाले, "तुह्या पोरीनं मारली ना? मंग ओढा तुमीच."

मेलेली जनावरं ओढणं आमच्या लोकांनी आजाच्या तरुणपणी सोडलं, घरात बुद्धवंदना आली तेव्हा. त्यासाठी आजाने मार खाल्ला होता. बाबांनी जन्मात अशा दोरीला हात लावला नव्हता.

"ट्रॅक्टर सांगा मालक," बाबा म्हणाले.

"नाई सांगत."

"मंग पडू द्या."

ती पडून राहिली. दुपारी कुत्री आली. मी घरी म्हणाले, "बाबा, मी करते. कॉलेजात मेलेली जनावरं आम्हीच कापतो."

"कॉलेजात कर. इथं हात लावला तर तो म्हनन, आली वळणावर."

मग मी काठी घेऊन रस्त्याच्या पलीकडे बसले आणि कुत्री हाकत राहिले. कापसाला जाणाऱ्या बायका थांबल्या. एक म्हणाली, "पाह्य ना वं, डॉक्टरीण कुत्रे राखून राह्यली." मालक मागच्या ओट्यावर बसून बघत होते. मी पाणी प्यायला उठले तेवढ्या वेळात कुत्र्यांनी एक कान नेला.

दुसऱ्या दिवशी वास सुटला आणि पंचायतीचा ट्रॅक्टर आला. पाय ताठले होते, त्यांनी मागच्या पायांना साखळी बांधून तिला फरफटत नेलं. मी मागे चालत गेले. नाल्याकाठी दोन माणसांनी कमरेइतका खड्डा खणला आणि फावडी टेकवली.

"अजून खोल," मी म्हणाले. या वेळी मोठ्याने. "कुत्री उकरतील. डोक्याच्या वर जाऊ द्या."

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "असं घोडी जिती असताना बोलाचं व्हतं, बाई."

मी तिथून हलले नाही. तो पुन्हा खड्ड्यात उतरला आणि खणू लागला.